करंगळीकडचं हाड

शालिग्रामला जबलपुरात मित्र नव्हता आणि त्याला तो नकोही होता. मातीचे नळ भाजणाऱ्या एका कारखान्यात तो भट्टीवर होता. मूळचा वरूडकडचा. बोलायला तोंड उघडलं की समोरच्यानं भांडण समजावं असा त्याचा सूर. नागपुरात अकरा वर्षं काय केलंस, असं कुणी विचारलंच तर ‘माळी होतो’ म्हणायचा, आणि वर विचारायचा, ‘काहून? तुले गुलाब लावायचा हाये?’ मग पुन्हा कोणी विचारत नसे.

माळी वगैरे काही नव्हता तो. नागपुरातल्या एका डॉक्टरकीच्या शाळेत तो हाडं उकळायचा. बेवारस मुडदे विद्यार्थ्यांनी चिरून शिकून झाले की उरेल ते शालिग्रामच्या कढईत यायचं. सोड्याच्या पाण्यात उकळायचं, खरवडायचं, उन्हात वाळवायचं आणि शेवटी टाक बोरूसारखा धरून प्रत्येक हाडावर त्याचं इंग्रजी नाव काढायचं. अक्षर गोल, सुबक. त्या नावांपलीकडे इंग्रजीचं एक अक्षर त्याला ठाऊक नव्हतं, पण पोरं व्हरांड्यात घोकत बसायची ते ऐकून कुठलं नाव कुठल्या हाडाचं हे त्याला त्यांच्याआधी पाठ झालं होतं. नावं सांगताना मास्तर काय बोलतात, तेही तो दाराआडून ऐकायचा. बायको गेली तेव्हा तिला खांदा द्यायला वस्तीतला एकही माणूस आला नाही, मुडदे शिजवणारा म्हणून. त्या रात्रीनंतर तो जबलपूरला आला आणि माळी झाला.

साल छत्तीसचं. चैत्र संपत आला होता. कारखान्यात चिखलाची घमेली वाहणाऱ्या बायांत नर्मदा नावाची वऱ्हाडाकडचीच एक बाई होती, अंगानं काटक, तोंडानं फटकळ. भर दुपारी ती पाणी प्यायला थांबली म्हणून मुकादम अंजनीप्रसादनं लाठी उगारली, आणि हाणलीसुद्धा. डाव्या हातावर. वीस माणसांनी पाहिलं. विसांच्या विसांनी मान खाली घालून घमेली उचलली. असल्या वेळी माणसाला चिखलात फार काम दिसतं.

कारखान्याच्या दवाखान्याचा कंपाउंडर अंजनीप्रसादच्याच पंगतीतला. त्यानं रजिस्टरात लिहिलं, खड्ड्यात पडली, हात मुरगळला, सोमवारी कामावर हजर व्हावे. आता कारखान्याचा नियम असा की ज्याची चूक त्याची जागा गेली. आपल्या हलगर्जीपणानं पडलेल्याला मजुरी नाही, रजा नाही आणि घमेलं उचलता येत नसेल तर हजेरीपटावर नावही नाही. नाव कटलं की कुलीलायनीतली खोलीही गेली. दुसऱ्यानं इजा केली असेल तर मात्र हात बरा होईपर्यंत जागा राखून ठेवायची. म्हणजे नर्मदेचं सगळं त्या रजिस्टरातल्या एका ओळीवर आलं होतं. शनिवारी मोठे डॉक्टर येत. त्यांनी सही केली की ती ओळ पक्की.

शुक्रवारी सकाळी नळावर नर्मदा एका हातानं बादली ओढत होती. शालिग्रामनं विचारलं नाही, सवरलं नाही, सरळ तिचा हात धरला. कोपराजवळ अंगठा नि बोटं दोन बाजूंनी लावून दाबलं. ती किंचाळली, पण उजवा हात गेला तो दाबल्या जागी नाही, पुढे, कोपर आणि मनगट यांच्या मधोमध.

‘मोडलं हाये,’ तो म्हणाला. ‘दोनातलं एक.’

तिनं त्याला आधी शिव्या घातल्या आणि मग विचारलं, दोन कुठली? त्यानं तिच्याच हातावर दाखवलं. अंगठ्याकडनं एक हाड येतं, करंगळीकडनं एक. एक मोडलं तरी दुसरं टेकू देतं, म्हणून हात लोंबत नाही आणि मूर्खाला वाटतं मुरगळला. पोथीतल्या पंडितांनी त्या दुसऱ्या हाडाला अंतःप्रकोष्ठास्थि म्हटलंय, म्हणता म्हणता तोंडातला विडा पडावा. शालिग्राम त्याला अल्ना म्हणायचा, गावातल्या एखाद्या बाईचं नाव घ्यावं तसं.

‘तुले काय समजते रे माळ्या?’ नर्मदा म्हणाली.

त्यानं बांबूच्या दोन कामट्या तासल्या, धोतराचा काठ फाडला आणि हात बांधून दिला. उद्या मी येतो, एवढंच बोलला.

डॉक्टर भय्यासाहेब मराठी होते. पणजोबा मराठ्यांच्या फौजेबरोबर घोड्यावरून या मुलखात आले, असं ते सांगत. भय्यासाहेब अजून त्या घोड्यावरून उतरले नव्हते. शनिवारी दवाखान्याच्या पत्र्याखाली हिवतापावरच्या कुनैनच्या गोळ्यांसाठी तीस-चाळीस माणूस उभं होतं. अंजनीप्रसाद दाराला टेकून. भय्यासाहेबांनी कंपाउंडरची ओळ वाचली, नर्मदेकडे न पाहता मुरगळ म्हणाले आणि टाक उचलला.

शालिग्राम म्हणाला, हात लावून तर पाहा. भय्यासाहेबांनी विचारलं, तू कोण? तो म्हणाला, भट्टीवाला, पण हात तिचा हाये, माहा नाही. गर्दीत कोणीतरी हसलं. मग त्यानं कामट्या सोडल्या आणि कालच्यासारखंच कोपराजवळ दाबलं. नर्मदा ओरडली. ‘दाबलं कुठी आन् दुखलं कुठी, पाहिलं ना सायेब?’

चाळीस माणसांनी पाहिलं होतं. भय्यासाहेबांना खुर्ची सोडावी लागली. त्यांनी करंगळीच्या बाजूनं हाडावर बोट फिरवलं, मध्यावर आल्यावर बोट थांबलं. डॉक्टर वाईट नव्हता, हे सांगितलं पाहिजे. नुसता आळशी आणि मुकादमांशी गोडीनं राहणारा होता. अशा माणसांनी वाईट माणसांपेक्षा जास्त हात मोडले आहेत.

‘हाड मोडलंय,’ ते म्हणाले. ‘सहा आठवडे काम नाही.’ त्यांनी कंपाउंडरची ओळ खोडली, नवी लिहायला घेतली. अंजनीप्रसादचा चेहरा सैल झाला. बेचारी गिर गई, ध्यान रखना चाहिए, असं तो मोठ्यानं म्हणाला, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावं.

शालिग्राम मेजाच्या अलीकडे होता. रजिस्टर त्याला उलटं दिसत होतं. पण ओल्या शाईतला तो शब्द उलटा काय नि सुलटा काय, त्यानं शेकडो हाडांवर स्वतःच्या हातानं काढला होता.

‘सायेब, हे रेडियस लिवलं तुमी, अंगठ्याकडचं. हिचं अल्ना मोडलं.’

भय्यासाहेबांचा टाक हवेतच राहिला. ‘तुला वाचता येतं?’

‘चाळीसेक शब्द येतात. त्यातले हे दोन.’

डॉक्टर हसायला गेले. हे काय नि ते काय, हाडच ना, सहा आठवडे ते सहाच आठवडे. आता बस्स, चलो, पुढचा कोण. नर्मदाही उठली. आणि शालिग्रामला कळलं की इथं गप्प बसलं तर आपण माळीच राहू, आणि बोललं तर या गावातही आपल्याला खांदा मिळणार नाही. मग त्याच्या डोक्यात सणक गेली. भीतीपेक्षा त्याला राग आधी यायचा, हा त्याचा स्वभाव. या वेळी तो कामी आला.

‘फरक तुमाले माहीत हाये, म्हणून तं बदलून लिवलं,’ तो म्हणाला. ‘माणूस पडते तवा हात टेकते. अंगठ्याकडचं हाड जाते, मनगटापाशी. करंगळीकडचं एकलं, आन् तेही मधात, असं पडून मोडत नाही.’ त्यानं आपला डावा हात डोक्यावर आडवा धरला, मार चुकवायला धरतात तसा. करंगळीची बाजू वर आली. ‘हे असं मोडते. वरून लाठी आली की.’

‘तुला कुणी सांगितलं हे?’

‘हाडांनी. अकरा वर्षं नागपुरात मुडदे उकळले म्या. बेवारस बायांचे हात यायचे कढईत. किती हातांवर याच जागी गाठ, मोडून जुळल्याची. मास्तर पोराईले सांगत, लिहून घ्या, हात वर केलेल्या माणसाची खूण. तुमीबी लिवलं असन कधीतरी, शाळेत.’

गर्दी दोन पावलं मागे सरली. डॉक्टरपासून नाही, मुकादमापासून नाही, शालिग्रामपासून. नर्मदेनं आपल्या हाताकडे पाहिलं, जिथं त्यानं धरलं होतं तिथं. तो हे सगळं बघत होता आणि जागचा हलला नाही.

भय्यासाहेबांनी रेडियसवर रेघ मारली, अल्ना लिहिलं. पुढे कारणाची जागा कोरी होती. ती भरायची तर विचारावं लागणार होतं, आणि चाळीस माणसांसमोर न विचारणं आता अवघड होतं. त्यांनी पहिल्यांदा नर्मदेच्या तोंडाकडे पाहिलं.

‘कसं झालं बाई?’

‘अंजनीप्रसाद मुकादमानं लाठी मारली,’ ती म्हणाली. ‘पाणी पेत होती मी.’

लिहिलं गेलं. तिची जागा राहिली, खोली राहिली. अंजनीप्रसादला हाकललं नाही. माती खणायच्या दूरच्या खाणीवर धाडलं, तिथंही मुकादम म्हणूनच. याला न्याय म्हणणाऱ्यांनी त्या खाणीवरल्या बायांना विचारावं.

शालिग्राम त्या दिवसापासून मुर्देवाला झाला. नळावर तो आला की घागरी बाजूला व्हायच्या. भट्टीवरल्या पोरांनी त्याच्या डब्याला डबा लावणं सोडलं. ज्यांनी लाठी पाहून मान खाली घातली होती, त्यांच्या माना आता मात्र ताठ होत्या.

चौथ्या दिवशी दिवेलागणीला नर्मदा त्याच्या दारात आली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली. तो पीठ मळत होता.

‘सैल झालं,’ ती म्हणाली आणि बांधलेला हात बाहेरूनच पुढे केला.

‘आत ये.’

‘लोक पाहून राहिले.’

‘मंग सैलच राहू दे.’

तिनं मागं वळून लायनीकडे पाहिलं. दारादारात माणसं होती. तिनं त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी एक शिवी दिली, त्यातली थोडी शालिग्रामसाठीही होती, आणि आत येऊन खाटेवर बसली. त्यानं पिठाचे हात धुतले नाहीत. तसाच तिचा हात घेतला आणि गाठ सोडायला लागला.