बाहेर गेलेल्या पुस्तकाची जागा

"बाहेर गेलंय, येईल."

हे ती म्हणायची आणि बोटाच्या पेराने कपाटाच्या फळीवर टकटक करायची. पुस्तक मागायला आलेल्या माणसाला वाटावं, पुस्तक भाजी आणायला गेलंय आणि आता पिशवी सावरत दारात उभं राहील. आमच्या वाचनालयाची ही ग्रंथपाल. आम्ही सगळे ताई म्हणायचो. माझं औषधाचं दुकान वाचनालयाच्या अगदी समोर, त्यामुळे ताईचा प्रयोग मला रोज पहिल्या रांगेतून बघायला मिळे, आणि तोही फुकट.

कपाटातून पुस्तक गेलं की त्या जागी ती होडीच्या फुटक्या फळीचा एक तुकडा उभा करायची. शेजारची पुस्तकं रिकाम्या जागेत कलंडू नयेत म्हणून. "जागा मोडली की पुस्तक परत यायला लाजतं," असं तिचं शास्त्र होतं.

दुसरं शास्त्र त्याहून कडक. वाचून झालेलं पुस्तक घरात ठेवायचं नाही, लगेच पुढच्या घरी द्यायचं. "फिरवा. उशाशी घेऊन झोपू नका." रेवदंड्याच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी आमचा कोळीवाडा आहे. तिथे एकेक पुस्तक सकाळी एका ओट्यावर आणि दुपारी दुसऱ्या ओट्यावर असे. एक जण धडा संपवून उठला की दुसरी हात पुसत बसली. पुस्तकांना सुकटीचा वास यायचा. ताई ते नाकाशी धरून कुठल्या आळीतून आलं ते सांगायची, आणि बहुतेक वेळा चुकायची.

मग वाचनालयात टॅब्लेट आले, आणि त्यांच्याबरोबर ई-पुस्तकं. पहिलं घेतलं ते एका जाडजूड दर्यावर्दी कादंबरीचं. छापील प्रत वाळवीने खाल्ली होती, प्रकाशकाने पुन्हा छापली नव्हती. आणि आमच्या तांडेलकाकांना तीच हवी होती.

तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. काकांनी जन्मभर होडी हाकली होती, पण आता काचबिंदूने दृष्टी कडेकडेने मिटत चालली होती. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, आहे तेवढी वापरा. छापील अक्षर दिसत नव्हतं, टॅब्लेटवरचं बोराएवढं केलेलं दिसायचं. सून म्हणाली, मी वाचून दाखवते. काका म्हणाले, "न्हाय. ह्ये येक माज्या डोळ्यानं वाचीन. मंग डोळं गेलं तं जाऊंदे."

ताईने त्या ई-पुस्तकालाही कपाटात जागा दिली. फळीचा तुकडा उभा केला, पुढे बोटभर पोकळी ठेवली. मी दुकानातून ओरडलो, "ताई, तिथे काय ठेवलंय?"

"पुस्तक."

"दिसत नाही."

"बाहेर गेलंय, दुकानदार. येईल."

मंडळी, इथवर मजा होती. एका सकाळी ताई तरातरा माझ्या दुकानात आली. चेहरा पांढरा. "तुमच्या गोळ्यांना तारीख असते ना? तशी आमच्या पुस्तकाला निघाली."

झालं होतं असं. वाचनालयाला ई-पुस्तक विकत मिळत नाही, परवाना मिळतो. एका वेळी एकाच वाचकाला द्यायचं, आणि तेही ठरावीक वेळाच. तेवढ्या वेळा झाल्या की पुस्तक संपलं, हवं तर परवाना पुन्हा घ्या. बाकी ठिकाणी वाचक ते आठवडाभर ठेवून घेतात. आमच्याकडे ताईची शिकवण. काका सकाळी एक धडा वाचून 'परत करा' दाबायचे, कारण दुपारी शेजारच्या वहिनीची बारी. वहिनी मासळी विकून आली की घ्यायची आणि दिवेलागणीला परत करायची, कारण सकाळी काकांची बारी. प्रत्येक घेण्याची एक वेळ मोजली जात होती. सभ्यपणानेच पुस्तक खाल्लं होतं. आता एकच वेळ उरली होती.

ताईने माझ्याच दुकानातून परवाना देणाऱ्या कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड होती. "ताई, छापील पुस्तक झिजतं ना? म्हणून यालाही मर्यादा. नाहीतर एकाच प्रतीवर अख्खा जिल्हा कायमचा वाचेल. मग लेखकाने काय खायचं?"

"हे मात्र खरं," ताई म्हणाली. "पण बाळा, मी फाटकी पुस्तकं शिवून वाचायला दिली आहेत. हे न फाटताच संपलं. याला टाका कुठे घालू?"

मुलगी म्हणाली, वर विचारून कळवते. वर कोणी भेटलं नसावं.

नवा परवाना सरकारी अनुदान आल्यावरच घेता येणार होता, आणि काकांचे डोळे अनुदानाची वाट बघणार नव्हते. मी म्हटलं, माझ्या फोनवर विकत घेतो, फोन काकांना देतो, कोणाला कळतंय? ताईने माझ्याकडे असं पाहिलं, की मी उगाच काउंटर पुसायला घेतला. "ते तुमच्या एकट्याच्या नावावर येणार. वाचनालयाने द्यायचं नाही, असं लिहिलंय. मी सही केली आहे."

मग तिने कोळीवाड्यात जाऊन निकाल दिला. शेवटची वेळ काकांची. ती आठवडाभर चालेल, मग पुस्तक आपोआप जाईल. "आणि काका, मध्ये परत करायचं नाही. हात आवरा."

वहिनी ओट्यावर मासळीची पाटी आपटून म्हणाली, "आनी माजं काय? माजापन शेवट ऱ्हायलाय."

ताईचं बोट ओट्याच्या खांबाकडे गेलं, पण टकटक झाली नाही. 

तो आठवडा सगळ्या आळीने श्वास धरून काढला. काकांना दोन पानं झाली की डोळ्यांतून पाणी सुटायचं. फडकं, थेंब, पुन्हा पान. थेंब मीच नेऊन द्यायचो आणि डोकावून बघायचो, किती उरलंय. शेवटच्या दुपारी एक प्रकरण उरलं. सूर्य बुडेपर्यंत मुदत होती, मनात वाचलं असतं तर सहज पुरली असती.

काकांनी टॅब्लेट मांडीवर ठेवला आणि हाक मारली, "ये गो इकरं. बस."

वहिनी आली. काका मोठ्याने वाचू लागले. अक्षर अक्षर लावून, बोट फिरवत.

ताई कळवळून म्हणाली, "काका, मनात वाचा. असं पुरणार नाही."

"तिची बारी मी खाल्लीय ताई. येकला कसा गिलू?"

 गोष्टीतला तांडेल वादळात सापडला होता, त्याची आई किनाऱ्यावर उभी होती.  खाडीवर ऊन उतरलं. ताईची नजर घड्याळावरून पानावर आणि पानावरून घड्याळावर. आईने डोळ्यांवर हात धरला, लांब काहीतरी दिसलं, काकांनी पान उलटलं, आणि पुस्तक गेलं. उरलं नुसतं मुखपृष्ठ, तेही करडं.

वहिनी कुजबुजली, "मंग? काय दिसला?"

काकांनी डोळे पुसले आणि खाडीकडे बघत म्हणाले, "शीड. ठिगळावरनं आयशीनं वलखला. व्हडी आली." कोणी पानावरचं वाचावं तसं सांगितलं. वहिनी पदराने नाक पुसत उठली.

ताईने छापील प्रत तरुणपणीच वाचलेली होती. तिने काकांच्या मांडीवरचा टॅब्लेट उचलून पिशवीत ठेवला.

अनुदान आलं, परवाना आला. तोवर काकांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. वहिनीने पहिला नंबर लावून शेवटचं पान वाचलं आणि तडक वाचनालयात आली. "ताई, व्हडी तं येत न्हाय."

"माहीत आहे."

"मंग तवा का बोलला न्हाय?"

"त्या दिवशी पुस्तक त्यांच्याकडे होतं," ताई म्हणाली. वहिनी पाटी उचलून गेली. आळीत तिने तोंड उघडलं नाही, आणि वहिनीचं तोंड ज्यांना ठाऊक आहे त्यांना कळेल, हे केवढं.

काका मात्र निरोप धाडायचे, "ताई, त्ये आलं का? ह्यो डोळ्यांचा हट्ट सोडला मी. आता तेवरं येक पान तुमीच वाचून दाकवा." ताई जायची. एकदा मी बरोबर होतो. टॅब्लेट तिच्या पिशवीत होता, पुस्तक त्यात होतं. तिने ओट्याच्या खांबावर पेराने टकटक केली.

"बाहेर गेलंय काका. येईल."

काका हसले. "येऊंदे सावकाश. घाई न्हाय."

ते पावसाळ्यानंतर गेले. ताई निवृत्त होऊन लेकीकडे पनवेलला राहायला गेली. नवा ग्रंथपाल टापटिपीचा आहे. त्याने त्या दर्यावर्दी कादंबरीची पोकळी बुजवायला फळीचा तुकडा काढला, तेव्हा वहिनी पुस्तक बदलायला आली होती. मी दुकानातून बघत होतो. तिने पाटी खाली ठेवली, त्याच्या हातातून तुकडा घेतला, बोटभर जागा सोडून तो पुन्हा उभा केला, आणि ओल्या बोटाच्या पेराने फळीवर टकटक केली.