सुटणारी गाठ शिकवणाऱ्या सलमाआपा

सलमाआपांची आणि माझी ओळख कोथरूडला, आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये झाली. पॅराशूटच्या दोरीचं कडं विणायला शिकवण्यासाठी त्या खडकीहून आल्या होत्या. एरवी मनगटावर मिरवायचं, डोंगरात वेळ आली की उसवून दोरी म्हणून वापरायचं. बकलातच शिट्टी, ठिणगी पाडायची गारगोटी आणि चिमुकलं पातं. काय भन्नाट वस्तू! मी जांभळ्या-पिवळ्या रंगांत जीव ओतून कडं विणलं. आपांनी ते निरखलं.

“सुरेख झालंय. आता सोडा.”

“सोडा म्हणजे?”

“उसवा हो. सुटणार नसेल, तर बांगड्याच भरा की! तुळशीबागेत हव्या त्या रंगात मिळतात.”

आपांची सारी नोकरी लष्करी तंबू आणि दोरखंड दुरुस्त करण्यात गेली. स्वेच्छानिवृत्तीनंतर त्या आमच्या गिर्यारोहण मंडळात आल्या आणि आम्हाला शिस्त लागली. एका सदस्यांना कड्यात होकायंत्र, थर्मामीटर, सगळंच हवं होतं. आपा शांतपणे म्हणाल्या, “अहो, मिक्सर राहिला.” पण याच सदस्यांच्या आजारी आईसाठी आपा महिनाभर वारज्याला डबा पोचवत होत्या, हे मला फार उशिरा कळलं.

प्रत्येक मोहिमेआधी पायथ्याशी आपा सर्वांची कडी तपासतात. गेल्या हिवाळ्यात माझे यजमान श्रीधर सापडले. वीण चकचकीत राहावी म्हणून त्यांनी तिच्यात चक्क गोंद भरला होता! आपांनी सगळ्यांना थांबवलं आणि श्रीधरांना नवीन दोरी देऊन कडं पुन्हा विणायला लावलं. श्रीधर धुसफुसत होते.

दुपारी घाटात धुकं उतरलं. श्रीधरांचा पाय घसरला आणि ते दिसेनासे झाले. मी हाका मारत सुटले. उत्तर नाही. मग खालून शिट्टी ऐकू आली! आवाजाच्या रोखाने आम्ही दोर घेऊन उतरलो. श्रीधरांनी कडं उसवून त्या दोरीने कमरेचा पट्टा एका बुंध्याला बांधून घेतला होता. त्यांच्या पायांखाली सरळ कडा होता.

ते वर आले. तिथेच वाटेवर बसून आपांनी तीच दोरी श्रीधरांच्या मनगटावर पुन्हा विणायला घेतली. “आता गोंद लावून तर बघा,” असं म्हणाल्या आणि रडल्या.

आपा, आज आपली साठी. आपल्याला उदंड आयुष्य लाभो, गुडघे धडधाकट राहोत आणि आपला धाक असाच राहो. हा लेख लिहिताना शेजारी श्रीधर बसले आहेत आणि माझ्या चुका काढत आहेत. काढू देत.