मावशी, सीडी-फोर आणि वांग्याची भाजी

चुलीवर वांगी रटरटत होती आणि ती करणाऱ्या सखारामला मांडवातून उठवायचं चाललं होतं.

पिंगळीजवळ बायकोच्या मामेबहिणीचं लग्न. मी सरकारी दवाखान्यातला डॉक्टर, नुकतंच एड्सचं ट्रेनिंग घेऊन आलेला. म्हणून निवाडा माझ्याकडे.

सखाराम आचाऱ्याचा भाचा मुंबईत एड्सनं गेला. शेवटपर्यंत यानंच त्याचं केलं. ते गावात कळलं.

"याच्या हातचं खाऊन कोन मरायलंय?" नवरीचे वडील तात्या म्हणाले.

सखाराम माझ्या कानाशी आला. "साहेब, भरल्या मांडवातून उठवलं तर पुन्हा कोन बोलवील मला?"

तात्यांच्या बहिणीला, म्हणजे बायकोच्या मावशींना, मी पुढं बोलावलं. "मावशी, नवं जोडपं आलं की तुम्ही दार अडवता. नाव घेतल्याशिवाय सोडता?"

"सख्ख्या भावाला न्हाई सोडलं."

"रक्तातल्या राखणदार पेशींच्या दारातही अशा मावश्या असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. एकीचं नाव सीडी-फोर. तिला चालणारा उखाणा एड्सच्या विषाणूला येतो. ती दार सोडते."

"अन् आत गेल्यावर?"

"तिथंच राहतो, तिथलंच खातो, पिलावळ वाढवतो, घर मोडतो."

"म्हंजी घरजावई."

मांडव हसला. मी तेव्हा परभणीला सासऱ्यांच्या घरी राहत होतो.

"पण दारापर्यंत पोचायला त्याला वाट लागते. रक्त, सुई, आईकडून बाळ." चौथी वाट मी सासऱ्यांकडं न बघता सांगितली. "भाजीतून वाट न्हाई."

"मग तुमीच पैले बसा," तात्या म्हणाले.

बसलो. सखाराम उपकाराच्या भरात वाढत सुटला. नको म्हटलं की मांडव संशयानं बघायचा, म्हणून खात सुटलो. तिखट असं की कान वाजायला लागले. थोड्या वेळानं पोटही.

आता पळालो असतो तर सखाराम संपला. शेवटची पंगत उठेपर्यंत मी हसऱ्या चेहऱ्यानं घाम पुसत बसलो. मग पाहुण्यांची विचारपूस करत, सावकाश, घराच्या मागच्या दाराकडं निघालो.

दारात मावशी. शेजारी बायको.

"जावईबापू, नाव घ्या."

डोक्यात एकच नाव होतं.

"सीडी-फोर," मी म्हणालो.

मावशींनी दार सोडलं. बायकोनं मात्र बरेच दिवस अबोला धरला.

सखारामला व्याह्यांनी तिथंच पुढच्या लग्नाचं सांगून ठेवलं. रिसेप्टर समजवायला उखाणा पुरतो. प्रात्यक्षिक करायचं असेल तर आचाऱ्याला आधी तिखट विचारावं.