आईचं ‘उलट’

दिवाळीच्या चांदण्या आमच्याकडे आई करायची, पतंगाच्या कागदाच्या. सुरतेत उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण, संपलं की पतंगवाले उरलेला कागद स्वस्तात काढत. आई तो तेव्हाच आणून गादीखाली सपाट ठेवायची. दिवाळी कितीही लांब असो. आधीपासून तयारी करायची सवय मला तिच्यामुळेच लागली. दसरा झाला की चौकोन कापायचे, घड्या घालायच्या, चांदण्या दोऱ्यात ओवून दाराला लावायच्या. कात्री फक्त चौकोनापुरती. पुढे सगळं बोटांचं काम.

शिकवताना ती तीनच शब्द वापरायची. "घडी. नख. उलट." म्हणजे घडी घाल, तिच्यावरून नख ओढ, कागद उलट. माझं नख हलकं पडलं की म्हणायची, "देवानं नखं काय शोभेला दिलीत? ओढ!" बाबा कचेरीतून आले की माझी चांदणी हातात धरून विचारायचे, "हा बेडूक कुणी केला?"

मी अकरावीत गेले त्या उन्हाळ्यात आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेली. मी कामं वेळांवर बसवली. सकाळी दूध आणि तिचं अंग पुसणं, शाळेतून आले की औषध, संध्याकाळी हाताला तेल. डॉक्टर म्हणाले होते, वाचा यायची असेल तर दिवाळीपर्यंत येईल. दसरा आला तरी तिच्या तोंडून नुसते आवाजच येत होते.

मग मी तिच्या खाटेपाशी बसून चांदण्या करायला घेतल्या. दुसरी घडी घातली, नख ओढलं, आणि आई म्हणाली, "उलट."

अगदी स्पष्ट. मी कागद उलटला. उलटायची जागा तीच होती.

बाबांनी आल्या आल्या मला पुन्हा घडी घालायला लावली. "उलट," ती म्हणाली. चपला न काढताच त्यांनी शेजारच्या मासींना हाक मारली. मासी गुजराती, बोलायला मोकळ्या. "भाभी बोल्यां!" असं शेरीभर, म्हणजे गल्लीभर, ओरडत त्या साखर घेऊन आल्या. बाबांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हवे भाईनुं आवी बन्युं!" आता भाईंची काही खैर नाही म्हणून. बाबा कितीतरी दिवसांनी हसले.

दोन-तीन दिवस असे गेले. मग एका दुपारी मी शेवटच्या घडीवर आले. तिथे कागद उलटायचा नसतो, टोकं नुसती ओढून उघडायची असतात. आई म्हणाली, "उलट."

चूक कुणाचीही होते. मी विचारलं, "आई, पाणी देऊ?"

"उलट."

"भूक लागलीय?"

"उलट."

"मी कोण?"

तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि ती बोलू लागली. उलट, उलट उलट, उलट. कुठे आवाज चढवत, कुठे थांबत, काहीतरी महत्त्वाचं नीट समजावून सांगावं तशी. आत सगळी वाक्यं होती, बाहेर एवढंच येत होतं. मला काही कळलं नाही, हे मात्र तिला कळलं. तिने मनगट सोडलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

संध्याकाळी बाबांना सांगायचं होतं, पण ते हातपाय धुऊन थेट कागद घेऊनच बसले.

"हं, मला शिकव बघू. आधी काय?"

"उलट."

त्यांनी कागद उलटला. "मग?"

"उलट."

पुन्हा उलटला. "आणि आता?"

चौकोन होता तसाच होता, त्यावर एकही घडी नव्हती. ती सांगत राहिली, ते उलटत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"आज एवढं पुरे," ते म्हणाले.

पुढे आम्ही तिच्याशी पुष्कळ बोलायचो. भाजीचे भाव, शेरीतली भांडणं, कचेरीतल्या बदल्या, सगळं सांगायचो. पण ती गेली तोपर्यंत आमच्या घरात आईला कुणी काही विचारलं नाही.