पाव फेरा

भीमराज खंडारे यांच्या मते जगात धड काम येणारी तीनच माणसं होती. त्यातला एक, त्यांना फिटरकी शिकवणारा उस्ताद, वारून वीस वर्षं झाली होती. दुसरा बाळा, कंपनीतला जोडीदार, रिटायर होऊन वेंगुर्ल्याकडे गावी जाऊन राहिला होता. तिसरे ते स्वतः. उरलेल्या जगाचं कसं काय चाललंय हे त्यांना कोडंच होतं, आणि त्या उरलेल्या जगातही त्यांचा जावई किरण बराच तळाला होता.

कंपनी औषधांची, मुलुंडला, एलबीएस रोडवर. तिथे भीमराजांनी एकोणतीस वर्षं पाणी फिरवलं. यंत्रांना गार ठेवणारं पाणी तळमजल्यावरून निघायचं, पाच मजले फिरून तापायचं आणि गच्चीवरच्या कूलिंग टॉवरमध्ये गार होऊन परत खाली यायचं. त्या वाटेवरचा एकेक जोड त्यांच्या हातचा. बुलढाण्याहून आले तेव्हा पाना कुठल्या बाजूने धरतात हे माहीत नव्हतं, आणि दहा वर्षांत नव्या इंजिनिअरांना ते तोंडावर 'पुस्तकं' म्हणू लागले. "आज दोन पुस्तकं आली वाटतं," असं म्हणत ते पाने पुसायला घेत.

मग कंपनी बंद पडली आणि तिच्या जागी चाळीस मजले उभे राहिले. राहत्या बिल्डिंगचंही रिडेव्हलपमेंट निघालं, आणि खंडारे नवरा-बायको फक्त दोन वर्षांसाठी म्हणून मुलुंड पूर्वेला लेकीकडे राहायला आले. आता तिसरं वर्ष चालू होतं. लेकीच्या घरात राहायचं म्हणजे जावयाला उघड नावं ठेवायची सोय नाही. म्हणून भीमराज त्याला 'किरणराव' म्हणत. त्या 'राव'मध्ये सगळं येऊन जाई.

लेक सपना घरूनच काम करी. बिल्डर लोकांसाठी ती न बांधलेल्या इमारतींची चित्रं कॉम्प्युटरवर बनवायची. त्यात हिरवळ असे, तलाव असे आणि तलावाकाठी विनाकारण हसणारी माणसं असत. भीमराज मागे उभे राहून बघत.

"ह्या तलावाला पाणी कुठनं येतंय?" त्यांनी एकदा विचारलं. "पाइपच दिसत नाही."

"बाबा, चित्र आहे ते."

चित्र आहे हे त्यांनाही दिसत होतं. पाइप नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

एप्रिलमध्ये तो कॉम्प्युटर तापून बंद पडू लागला. एकेक चित्र पुरं व्हायला तास तास लागायचा, आणि नेमकं शेवटाला यंत्र मान टाकायचं. आतला पंखा साफ करून झाला, टेबल खिडकीपासून हलवून झालं, सपनाची आई शकुबाई हिने टेबलफॅनसुद्धा लावून दिला. एका बिल्डरने तर आणखी एकदा उशीर झाला तर पुढची कामं दुसरीकडे देईन म्हणून दम भरला. तेव्हा किरणने जाहीर केलं की तो हे यंत्र पाण्याने गार करणार. बाजारातला तयार संच आणून चिकटवणार नाही, टाकी, पंप, रेडिएटर, नळ्या, सगळं स्वतः जुळवणार.

भीमराज चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. जे काम त्यांनी एकोणतीस वर्षं केलं तेच त्यांच्या डोळ्यांदेखत, बँकेच्या ऑफिसात खुर्चीवर बसून पगार घेणाऱ्या माणसाने काढलं होतं, आणि त्यांना कुणी साधं विचारलं नव्हतं. कपडे वाळत घालायची दोरी कुठे बांधायची हे या घरात त्यांना विचारायचे. पाण्याबद्दल नाही. बिल्डिंग पाडताना लागलं नव्हतं इतकं त्यांना हे लागलं. विचारायला हवं होतं, बस, बाकी त्यांना काही नको होतं.

पुढचा दीड महिना किरणने नुसता बेत केला. मोबाइलवर व्हिडिओ बघायचे आणि चौकटीच्या वहीत नकाशे काढायचे. नळी मऊ घ्यायची की कडक, आतून दहा मिलिमीटर की तेरा, रेडिएटर वर बसवायचा की पुढे. आणि पाणी म्हणे जांभळं असणार. पाण्याला रंग येतो तो आतल्या गंजाने, तोही आपण झोपलेलो असताना. मुद्दाम रंग घालणारा माणूस भीमराजांनी पहिल्यांदाच पाहिला.

"तांब्याभर सरबत फिरवायचंय आणि नकाशे बघ," ते स्वयंपाकघरात जाऊन म्हणाले. "धरण बांधतोय धरण."

"मग तुम्ही सांगा ना त्याला," शकुबाई कणीक मळता मळता म्हणाली.

"मला विचारलं का त्याने?"

"तुम्ही तोंड असं करून बसल्यावर कोण विचारेल तुम्हाला?"

भीमराजांनी तोंड तसंच ठेवलं.

रेडिएटरचं पार्सल आलं त्या दिवशी मात्र त्यांना राहवेना. किरणने तो खोक्यातून काढून टेबलावर ठेवला, तर यांनी एका हाताने उचलून पाहिला आणि त्यांना हसू आलं.

"किरणराव, हलका आहे हो."

"हो ना बाबा. मस्त ना?"

"अॅल्युमिनियम आहे. आणि तो प्रोसेसरवर बसायचा ठोकळा कशाचा?"

"तांब्याचा."

"एकाच पाण्यात तांबं आणि अॅल्युमिनियम. वर्षभरात हे आतून पोखरून निघेल. पांढरा गाळ येईल, नळ्या तुंबतील. मग घाला त्यात जांभळा रंग."

किरण लॅपटॉप उघडून बराच वेळ काहीतरी वाचत बसला. मग कान खाजवत म्हणाला, "बरोबर आहे बाबांचं. वाट लागली असती." त्याने तो रेडिएटर परत पाठवला, तांब्याचा मागवला, आणि संध्याकाळी ती चौकटीची वही सासऱ्याच्या पुढ्यात उघडून ठेवली.

"अजून काय चुकलंय बघा ना यात."

हवं होतं ते मिळालं. दुसरा एखादा एवढ्याने निवळला असता, भीमराज उलट चढले. चष्मा लावून त्यांनी वही अशी तपासली की जणू कुणी खून केलाय आणि पुरावा याच पानांत आहे. टाकी पंपाच्या वर आहे का ते आधी पाहिलं, कारण पंप कोरडा फिरला की मेला. टाकी वरच होती. याची त्यांना जरा निराशा झाली. पण मग सापडलं.

"पाणी भरायची जागा काढलीत. काढायची कुठाय? सगळ्यात खाली एक कॉक लागतो, किरणराव. का उचलून मोरीत उपडा करणार कॉम्प्युटर?"

किरणने निमूट नकाशात कॉक काढला. सपना हसली आणि म्हणाली, "बाबा झकास चालू आहेत आज." त्यानंतर आठवडाभर भीमराज घरात मालकासारखे वावरले. किरणला दोन चुका दाखवल्या म्हणजे त्याच्या डोक्यात असलं-नसलं सगळं चूकच, असा त्यांचा हिशेब झाला होता.

एक अट मात्र त्यांनी घातली. पाणी भरलं की नुसता पंप चालवायचा, बाकी यंत्राला वीज द्यायची नाही, जोडांखाली टिश्यू पेपर पसरायचे आणि चोवीस तास हात लावायचा नाही. किरणच्या मते दोन तास पुरले असते. भीमराजांनी मग त्याला एका इंजिनिअरची गोष्ट ऐकवली. कंपनीत त्याने घाई करून टेस्ट न घेताच लाइन चालू केली होती. जोड सुटला, अख्खी बॅच भिजली, आणि त्या गृहस्थाने रिपोर्टात बाळाचं नाव घातलं. बाळाने तो जोड पाहिलासुद्धा नव्हता. मेमो हातात घेऊन तो म्हणाला होता, "जाऊंदे रे भीम्या, माका काय फाशी देतत?" पण भीमराजांनी त्या इंजिनिअरला पुढची अकरा वर्षं साहेब म्हटलं नाही. चूक त्यांनी एक वेळ सोडून दिली असती. ती दुसऱ्याच्या गळ्यात घातली, म्हणून तो माणूस त्यांच्या लेखी मेला.

"चोवीस तास," किरण म्हणाला. "ठीक आहे."

शनिवारी सकाळी जुळणी सुरू झाली. सपनाला सोमवारी सकाळी त्याच दम देणाऱ्या बिल्डरला चार चित्रं द्यायची होती. रविवारी दुपारी यंत्र हातात आलं की ती बसणार होती. किरण जमिनीवर मांडी घालून एकेक जोड बसवत होता. प्रोसेसरवरच्या तांब्याच्या ठोकळ्याला काचेसारखं पारदर्शक अॅक्रिलिकचं झाकण होतं, आणि नळ्यांचे जोड त्या झाकणात आट्यांनी बसायचे. किरण ते चिमटीत धरून फिरवी आणि थांबे.

"झालं?" भीमराजांनी विचारलं.

"हो. हातानेच आवळायचं असतं, बाबा. आत रबरी रिंग आहे, ती धरते पाणी. पाना लावला तर झाकण तडकतं."

"हाताने," भीमराज म्हणाले.

"हाताने," किरण पुन्हा म्हणाला आणि डिस्टिल्ड वॉटर आणायला स्टेशनजवळच्या बॅटरीवाल्याकडे गेला.

हाताने आवळलेला जोड भीमराजांनी आयुष्यात पाहिला नव्हता. त्यांच्या उस्तादाने शिकवलं होतं की हात थांबला की पाना घ्यायचा आणि पाव फेरा द्यायचा, तो पाव फेरा म्हणजे फिटर. बायकी चिमटीने घट्ट होत असतं तर लोकांनी पाने कशाला बनवले असते? ते आत गेले आणि ट्रंकेतून फडक्यात गुंडाळलेला छोटा स्क्रू पाना घेऊन आले. आठही जोडांना त्यांनी पाव पाव फेरा दिला. शेवटच्याला, त्या पारदर्शक झाकणातल्या, एक बारीक 'टक' आवाज आला. बसला जागेवर, असं त्यांना वाटलं. किरण कॅन घेऊन परत आला तेव्हा पाना त्यांच्या लेंग्याच्या खिशात होता आणि ते पेपर वाचत होते.

पाणी भरलं. पंप घुमू लागला, बुडबुडे नळीतून पळाले आणि जांभळं पाणी फिरू लागलं. वाईट दिसत नव्हतं, पण तसं म्हणायची गरज भीमराजांना वाटली नाही.

रविवारी सकाळी सपनाच सगळ्यात आधी तिथे गेली आणि तिने हाक मारली. ठोकळ्याखालचे टिश्यू जांभळे झाले होते. झाकणावर, जोडाच्या बाजूने, केसाएवढा तडा गेला होता आणि त्यातून थेंब थेंब पाणी खाली ग्राफिक्स कार्डावर उतरत होतं. वीज नव्हती म्हणून कार्ड वाचलं. पण झाकण गेलं होतं आणि दुसरं यायला आठवडा लागणार होता.

"मी सांगितलं होतं, किरण," सपना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्तच लागत होता. "माझ्या कामाच्या मशीनवर प्रयोग करू नकोस. उद्या काय देऊ मी त्याला?"

किरण वाकून जोड सोडवत होता. भीमराज त्याच्या खांद्यामागून बघत होते. जोडाच्या चकचकीत कडेवर पान्याचे दोन चरे होते, उघड, ताजे. ते किरणला दिसले. त्याने दुसऱ्या जोडाकडे पाहिलं, त्याच्यावरही तेच. मग त्याने हातातला जोड मुठीत घेतला.

"माझंच चुकलं गं," तो म्हणाला. "जास्त आवळलं गेलं माझ्याकडून. जुना पंखा बसवतो, थांबून थांबून करू काहीतरी."

"बरं तरी बाबा होते," सपना म्हणाली. "त्यांनी चोवीस तास थांबवलं. तुझं ऐकलं असतं तर सगळं जळलं असतं."

शकुबाईने मान डोलावली. किरणनेही डोलावली. भीमराजांना कधी नव्हे तो घरात पूर्ण मान मिळाला होता, आणि तो घशाखाली उतरेना. तो इंजिनिअरही त्या दिवशी असाच उभा असेल, हात मागे बांधून, गप्प. आणि हा पोरगा बाळासारखा खाली मान घालून पाणी पुसत होता. गप्प राहायला काहीच लागत नव्हतं. कुणी विचारतही नव्हतं.

ते आत गेले, बाहेर आले आणि त्यांनी पाना सपनासमोर टेबलावर ठेवला.

"मी आवळले," ते म्हणाले. "तो दोनदा सांगून गेला, हाताने. मी त्याला मूर्ख समजत होतो."

सपनाने पान्याकडे पाहिलं, मग बापाकडे.

भीमराज जावयाकडे वळले. 'राव' म्हणायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

"किरण, तुला चरे दिसले होते ना?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

किरणने मूठ उघडून तो जोड टेबलावर, पान्याशेजारी ठेवला.

"तुम्ही बोलाल, असं वाटलं मला," तो म्हणाला आणि जुना पंखा शोधायला आत गेला.

भीमराज खाली बसले आणि ओले टिश्यू एकेक करून गोळा करू लागले.