जाळीतलं मोठं घर

"थांबा. बोलू नका. आयका."

एवढं म्हणून ते खिशात हात घालायचे, एक खडा काढायचे, विहिरीवर हात धरून तो अलगद सोडायचे आणि दुसऱ्या हाताचं बोट वर करून उभे राहायचे. खालून 'डुबुक' आलं की बोट खाली यायचं. मग सगळ्यांच्या तोंडाकडे असे पाहायचे की जणू विहिरीला बोलायला यांनीच शिकवलं.

आमच्या कळंबात त्यांना सगळे नळवाले काका म्हणत. उभी नोकरी नळयोजनेवर गेली, म्हणून. मी त्यांना भाऊजी म्हणायची, कारण त्यांची बायको आणि मी एकाच वर्षी या मोहल्ल्यात सुना होऊन आलो. शर्टाचा खिसा खड्यांनी कायम लोंबलेला. बायको वैतागायची. "मशीन खडखड करून राह्यली व बाई! मले वाटलं मोटर गेली. झाकन उघडून पाहते तं याइचे गोटे!"

रिटायर झाल्यावर माणसं काय करतात, तुम्ही पाहिलंच असेल. पारावर बसतात, पेपर वाचतात, सुनेच्या कामात लुडबुड करतात. हे चिंतामणीच्या देवळाजवळ जाऊन उभे राहायचे. एकदा नागपूरकडचं एक कुटुंब दर्शन करून जमिनीखालच्या गाभाऱ्यातून वर आलं आणि त्यांनी सहज विचारलं, "इथं आणखी काही पाहण्यासारखं आहे का हो?"

"हाये ना जी. मागं आमचा मोहल्ला हाये. चाला. अर्ध्या घंट्याचं काम."

तिथून सुरू झालं. दर रविवारी कोणी ना कोणी सापडायचंच. अर्धा घंटा मात्र मी कधी पाहिला नाही. दोन दारांत चहा व्हायचा, तिसऱ्या दारात कोणीतरी पोहे घ्यायला बसवायचं आणि पाहुण्यांचा ड्रायव्हर तिकडे हॉर्न वाजवत राहायचा.

मी त्यांच्यामागून गेले ती निव्वळ चौकशीखोरपणानं. हातात भाजीची पिशवी होती. मनात म्हटलं, आपल्या गल्लीत पाहण्यासारखं आहे तरी काय? सांडपाण्याची नाली, कुणाच्या तारेवरच्या गोधड्या आणि मोकाट गाय. ऐकून तर घेऊ. म्हणून माणसांच्या शेवटी, थोडं अंतर ठेवून, आपल्याच घरावरून पाहुण्यासारखी चालत गेले.

पहिल्या वळणावर ते थांबले. कोपऱ्यातल्या घराच्या पायाला एक काळा दगड आहे. मी त्याला टेकून कितीदा भाजीवालीशी भांडले असेन. "हात लावा," ते म्हणाले. सगळ्यांनी लावला. मीही लावला. दगडाला कमरेएवढ्या उंचीवर गोल खोलगट खाच होती, आतून गुळगुळीत, लोण्यासारखी.

"कशानं झालं असंन?"

कोणी म्हणालं पाण्यानं, कोणी म्हणालं कोरलं असेल.

"कापसाच्या बैलबंड्या जायच्या इथून. वळन बारीक. बंडीचा आख दरवेळी इथंच घासे. बैलाले शिव्या बसत, अन् झिजे दगड."

मी त्या खाचेत परत बोट घातलं. इतकी वर्षं मी तिथून गेले आणि मला वाटायचं, दगड तसाच असतो.

ती त्यांची पद्धत होती. आधी हात लावायला लावायचे, मग विचारायचे आणि सगळ्यांची उत्तरं चुकली की खूश होऊन सांगायचे. राजे-महाराजे नाहीत, लढाई नाही. बुटकं दार पाहून कोणी म्हणालं की शत्रूला वाकून यावं लागावं म्हणून केलं असेल, तर ते हसायचे. "शत्रू कायले येते आमच्या घरी? लाकूड कमी पडलं असंन!"

आणि मग शेवटी विहीर. मोहल्ल्याच्या मधोमध, दगडी बांधणीची. तोंडावर गंजलेला पत्रा, पत्र्यावर धोंडे. ते पत्र्याचा एक कोपरा सरकवायचे आणि मग ते 'थांबा, बोलू नका'. आवाजावरून पाणी किती खोल आहे ते सांगायचे. "पावसाळ्यात खडा सुटला का आवाज. हिवाळ्यात एक श्वास. उन्हाळ्यात एक आवंढा गिळून होते, मंग येते."

काठाच्या दगडावर दोरांनी पडलेल्या खाचा होत्या. ते पाहुण्यांना त्या दाखवायचे आणि मागे वळून मला पुढे बोलवायचे. "या ना वहिनी, लपता काहून? हे पाहा, ह्या खाचा पाडनाऱ्या बाया. इथंच राह्यतात."

मला राग यायचा आणि बरंही वाटायचं. एकदा मी सगळ्यांदेखत म्हणालेच, "भाऊजी, विहिरीचं कौतुक तुमाले सोपं हाये. ओढलं कोनं? खांदे कोनाचे गेले?"

ते मग म्हणाले, "म्हनून तं नळ लावला ना, वहिनी. मीच लावला. पन नळ आला म्हनून हिले बुजवा लागते काय?"

कारण विहीर बुजवायचं ठरलं होतं. इतर कोणी नाही, आमच्याच मोहल्ल्याच्या मंडळानं ठरवलं होतं. अध्यक्ष प्रमोद, सिमेंटच्या दुकानाचा मालक. माझ्या शेजारचाच, मला काकू म्हणतो. पोरगा वाईट नाही. त्याचं म्हणणं, पत्रा सडला आहे, मागे एक बकरी पडली, उद्या एखादं लेकरू पडेल. मुरूम टाकू, वर शेड घालू, गणपती बसवायला आणि एरवी गाड्या लावायला जागा होईल. यात खोटं काय आहे? मीही मान हलवली होती.

भाऊजी सोडून सगळ्यांनी हलवली होती. तेव्हा कुठे मला कळलं की हा माणूस रविवारी लोकांना गल्लीतून का फिरवतो. दगडाची खाच, बुटकं दार, हे सगळं वाटेतलं होतं. त्यांना माणसं विहिरीपाशी आणायची होती. बाहेरची माणसं पाहायला येतात म्हटल्यावर मंडळ लाजेनं तरी थांबेल, अशी त्यांची आशा.

प्रमोद काही लाजला नाही. एका रविवारी स्कूटर थांबवून, सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाला, "काका, तुमीच दर रविवारी गोटे टाकून विहीर बुजवून राह्यले. अन् आमाले कायले बोलता?"

सगळे हसले. सगळ्यांत जास्त वेळ भाऊजीच हसले, डोळे पुसेपर्यंत. मग म्हणाले, "बुजव बाप्पा. पन माह्या खड्याईनं बुजव. घाई करू नको."

घरी जाताना मात्र मला म्हणाले, "वहिनी, देवळातल्या कुंडाचं पानी देवाच्या पायापर्यंत वर आलं का अख्खा जिल्हा पाहाले येते. अन् घरापुढचं पानी आमाले नको." आवाज एकदम बारीक. दिवाळी झाली की मुरमाचा ट्रक येणार होता.

आता मध्ये एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे बाळंतीण सव्वा महिन्यानं पहिल्यांदा घराबाहेर पडते ती विहीर पुजायला. विहिरीला हळदकुंकू लावायचं, ओटी भरायची आणि तिच्याच पाण्यानं कलश भरून डोक्यावर घरी आणायचा. मोहल्ल्यात ही रीत पाठ असलेली मीच उरले, म्हणून हे सांगायला मला बोलावतात. आणि नळ आल्यापासून आम्ही काय करत होतो, सांगू? हसू नका. नळ पुजत होतो. किती सुनांना मी तोटीला हळदकुंकू लावायला लावलं, तोटीपुढे खणा-नारळानं ओटी भरायला लावली! भाऊजींना तेव्हा त्याचा केवढा अभिमान. स्वतःच सांगायचे, "माह्या तोटीले कुंकू लागलं तवा मले वाटे, आपन नळ नाई, देव बसवला."

त्या दिवाळीला प्रमोदचीच मुलगी श्वेता बाळंतपणासाठी माहेरी होती. पूजेचा दिवस आला. बाया जमल्या, घुगऱ्या शिजल्या, बाळाला नवं टोपडं. श्वेता नऊवारीत अवघडून उभी. मी तोटी फिरवली. फुस्स. हवा आली, पाणी नाही.

"भाऊजी, तुमच्या देवाले काय झालं?" मी ओरडले. ते दारातच उभे होते. त्यांनी फोन लावला, ऐकलं आणि खाली ठेवला. "मोटर जळली म्हनते. आज काई येत नाई."

प्रमोद हुशार. गाडीवर गेला आणि फिल्टरच्या पाण्याची कॅन घेऊन आला. स्टुलावर ठेवली, खाली पाट मांडला. "हे घ्या, काकू. थंडगार."

"कॅनची पूजा करू का रे मी?"

"त्यात काय झालं? तोटीची चालते नं? यालेही तोटीच हाये!"

बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. खरंच की. मीच आजवर तोटी पुजवली होती. कॅनच्या निळ्या तोटीकडे पाहत मी कुंकवात बोट बुडवून तशीच थांबले.

तेव्हा श्वेताच बोलली. "आजी, विहीर हाये नं तिथं? तिच्यात पानी हाये. मी लहानपनी आयकलं, काका गोटा टाकत."

प्रमोदनं भाऊजींकडे पाहिलं. मीही पाहिलं. एवढ्या रविवारी एवढं बोललेला माणूस, आता तर आयती संधी होती! पण ते नुसते वळले, घरी गेले आणि दोर-बादली घेऊन आले.

पत्रा पूर्ण काढला. कितीतरी वर्षांनी ऊन आत गेलं. बायांनी वाकून पाहिलं, तर खाली आमची सगळ्यांची डोकी दिसत होती. भाऊजींनी बादली सोडली. आता पुरुषमाणूस, जन्मात कधी पाणी ओढलं असेल तर ना! बादली कडेला आपटतेय, आडवी पडतेय, वर येतेय ती रिकामी. शेवटी मी पदर खोचला.

"सरका. तुमच्यानं नाई होत."

दोर हातात घेतला आणि सोडला, तर तो आपोआप त्या खाचेत जाऊन बसला. मी शोधली नाही. हाताला ठाऊक होती. झटका दिला, बादली बुडाली, जड झाली. ओढताना खांदा कळवळला, तरी मी कुणाला दोर दिला नाही. कलश भरला, श्वेताच्या डोक्यावर ठेवला. भाऊजी बाजूला उभे होते, बोट वर करून. खडा टाकलेला नव्हता, तरी.

संध्याकाळी प्रमोद माझ्या ओट्यावर येऊन बसला. बराच वेळ चप्पल पायात खेळवत होता.

"काकू, आता हे बुजवता येत नाई काय?"

"बुजव ना. तुह्या पोरीनं ज्या पान्यानं कलश भरला, त्याच्यात मुरूम टाकाले तुहा हात उठत असंन तं टाक."

"बाप्पा!" तो म्हणाला आणि उठला.

ट्रक आला नाही. त्याऐवजी प्रमोदनं वेल्डिंगवाला आणला, वर लोखंडी जाळी बसवायला. बाळंतिणींसाठी कुलपाचं एक झाकण आणि बाकी सगळी बारीक जाळी, लेकराचा पायही जाणार नाही अशी. भाऊजी सकाळपासून वेल्डिंगवाल्याच्या डोक्यावर उभे. दुपारी मला बोलवायला आले, तेव्हा तोंड उतरलेलं.

"वहिनी, जाळी बारीक झाली. खडा जात नाई."

मी जाऊन पाहिलं. खडा जाळीवर पडून नुसता टिणटिण वाजत होता. प्रमोद हात जोडून म्हणाला, "काका, विहीर ठेवली नं? आता खडाही पायजे?" पण हसला आणि वेल्डिंगवाल्याला म्हणाला, "एक घर मोठं ठेव रे. काकाचा गोटा जाईन एवढं."

ते घर अजून आहे. कडेला, दोराच्या खाचांच्या जवळ. बाकीची घरं सारखी आणि ते एकच वेगळं. नवा माणूस आला की म्हणतो, वेल्डिंगवाला चुकलेला दिसतो.

त्यानंतर किती बाळंतिणी आल्या. नळाला पाणी असलं तरी येतात. एखादी सून कुरकुरते, तिला मी म्हणते, रोज नको ओढू बाई, आयुष्यात एकदा ओढ. भाऊजी रविवारी माणसं घेऊन यायचे, पण शेवटी शेवटी गुडघे चालेनात. मग कोपऱ्यातल्या दगडाशी खुर्ची टाकून बसायचे आणि पाहुण्यांना म्हणायचे, "हात लावा. कशानं झालं असंन?" पुढचं मला सांगायला लावायचे. मी चुकीचं सांगितलं की मान हलवायचे.

गेल्या पौषात ते गेले. सकाळी चहा झाला, पेपर मागितला आणि बायको आणायला वळली तेवढ्यात.

परवा रविवारी मी देवळातून येत होते. ऊन तापलेलं. एक बाई, तिचा नवरा आणि तिची म्हातारी सासू गल्लीच्या तोंडाशी घुटमळत होती. "इथं एक काका गाव दाखवतात म्हणे. कुठे भेटतील?"

मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"चाला," म्हटलं. "अर्ध्या घंट्याचं काम हाये."

दगडाला हात लावायला लावला. बुटकं दार दाखवलं. प्रमोदच्या घरी चहा झाला. श्वेता आलेली होती, तिची मुलगी आमच्याबरोबर विहिरीपर्यंत चालत आली. माझ्याजवळ खडे कुठले? मी वाकून वाटेतला एक उचलला, मोठ्या घरावर धरला आणि म्हटलं, "थांबा. बोलू नका. आयका."

खडा सोडला. सगळे गप्प. श्वेताच्या मुलीनं, तिला कुणी सांगितलेलं नसताना, एक बोट वर केलं.

उन्हाळ्याचे दिवस. मी आवंढा गिळला. आवाज आला नाही. दुसरा गिळला.

मग आला.