साळूबाईची विहिरीवरची मशीन

साळूबाईला एक वाईट खोड होती. कुणी विचारलं, "हे येतं का गं तुला?" की ती आधी "येतं की" म्हणून मोकळी व्हायची, आणि कसं येतं ते मग घरी जाऊन बघायची. अशाच एका "येतं की"पायी शहात्तर साली तिच्या गळ्यात अकरा होल्डॉल पडले.

होल्डॉल म्हणजे जाड कॅनव्हासची वळकटी. आत अंथरूण-पांघरूण, कपडे घालायचे, गुंडाळायची आणि पट्ट्यांनी आवळायची. पलटणीतल्या माणसाचं अर्धं घर त्यातच असतं. कराडपासून दोन कोसांवर कृष्णाकाठचं हे गाव, ऊस जेवढा तेवढेच फौजी. साळूबाईचा नवरा नाथाजी त्यातलाच, तेव्हा पार आसामात. चैत्रात गावच्या जत्रेला सुट्टीवर आलेल्या पोरांचे उसवलेले होल्डॉल साळूबाई दरसाल दाभणानं टाचून द्यायची. त्या वर्षी अकरा जणांनी मिळून कॅनव्हासचा अख्खा तागाच आणला आणि तिच्या सोप्यात टाकला. टाचून नकोत, म्हणाले, नवेच शिवून द्या, सुट्टी संपायच्या आत. त्यांचा म्होरक्या ज्योतिबा, पलटणीत नाईक, मिशा मात्र सुभेदाराच्या. त्यानं विचारलं, "जमंल न्हवं काकी?" काकीनं काय सांगितलं ते सांगायला नकोच.

तिनं त्याच दिवशी अकराच्या अकरा कापून टाकले. कापायला बाई कधी भ्यायली नाही. शिवायला बसली तेव्हा घरातल्या हातमशिनीनं पहिल्या दुमडीला सुई मोडली, दुसऱ्या दुमडीला दुसरी मोडली आणि तिसऱ्या दुमडीला नुसती थरथरून उभी राहिली. दाभणानं अकरा शिवायचे म्हटलं तर पोरं पेन्शनीत आली असती. कराडचा शिंपी कॅनव्हासला हात लावीना, पण त्यानं एक गोष्ट सांगितली. सांगलीत तंबू शिवायचा एक कारखाना बंद होतोय, तिथल्या मोटरीवरच्या मशिनी निघाल्यात विकायला, त्या चामडंसुद्धा शिवतात.

साळूबाईनं हातमशीन त्याच शिंप्याला विकली, मनिऑर्डरीतनं बाजूला टाकलेलं त्यात घातलं आणि सांगलीला निघाली. मोटरीवरची मशीन तिनं जन्मात पाहिली नव्हती. पण हातची मशीन गेली होती, कापड कापून झालं होतं आणि सुट्टी संपायला बारा दिवस होते. मागं फिरायला जागाच ठेवली नव्हती बाईनं.

सोबत जाणता माणूस पाहिजे, असं घरात ठरलं. धाकटा दीर लालासाहेब लगेच धोतर झटकून उठला. पण ह्या लालासाहेबानं तासगावातनं जुनी सायकल पारखून आणली होती, आणि ती नुसती डावीकडंच वळायची. तेव्हा साळूबाईनं सासऱ्याला, आकारामला नेलं. त्याला मशिनीतलं काही कळत नव्हतं, पण कळत नाही एवढं पक्कं ठाऊक होतं. असा माणूस लाखात एक मिळतो.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. शेठनं त्यांना थेट एका हिरव्यागार, चकचकीत मशिनीपुढं उभं केलं. खालची मोटर सुरू केली, मांजरपाटाचा तुकडा सुईखाली सारला, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत हातभर शिवण घालून दाखवली. आकाराम खूश. साळूबाईनं मात्र पिशवीतनं आपली चिंधी काढली. कॅनव्हासच्या चार घड्या आणि मध्ये चामड्याची पट्टी.

"मांजरपाटाला माजी हातमशीन बी बास हुती," ती म्हणाली. "ह्ये शिवून दावा."

हिरवीनं चिंधी शिवली, पण टाके गाळत, बोळक्या तोंडानं चणे खाल्ल्यासारखे. दुसरीनं दोरा तोडला. तिसरीची सुई वाकली. शेठ म्हणाला, ताई, हात बसावा लागतो. साळूबाईचं लक्ष तवर भलतीकडंच गेलं होतं. कोपऱ्यात हरिबा नावाचा म्हातारा कारागीर शेवटचे उरलेले तंबू शिवत बसला होता. त्याच्या मशिनीचा रंग पार उडालेला, पायाखालची पायपट्टी झिजून मधोमध खोलगट झालेली. ती विकायला नाही का, विचारलं तर शेठ म्हणाला की आहे, पण ती फार जुनी, तुमच्यासारख्यांना ही नवी बरी.

साळूबाई उठून हरिबापुढं जाऊन बसली.

"बाबा, शेडात एवढ्या मशिनी रिकाम्या हायेत. तुमी हिच्यावरच का बसला?"

हरिबानं आधी शेठकडं पाहिलं, मग तिच्याकडं, आणि गालात हसला. "बाकीच्या बगायला हायेत, पोरी. पोट हिच्यावर भरतंय."

त्यानं तिची चिंधी घेतली आणि एका दमात शिवली. टाके असे, जसे पलटणीत उभे केलेले. मग तिलाही बसवलं, पाय किती दाबायचा ते दाखवलं. पहिल्या दाबाला मशीन अशी सुटली की साळूबाई किंचाळायचीच राहिली, पण तिनं पाय काढला नाही. तेल कुठं कुठं द्यायचं ते तिनं बोटं मोजून पाठ केलं.

निघताना शेठनं दोन गोष्टी सांगितल्या. दारातनं बाहेर गेलेला माल परत घेत नाही. आणि विचारलं, "थ्री फेज आहे ना तुमच्याकडे?"

"हाय की," साळूबाई म्हणाली. "पाच हॉर्सपावरची मोटर चालती आमची."

खोटं नव्हती बोलत बाई. मोटर होती, चालत होती. फक्त ती घरात नव्हती, मळ्यातल्या विहिरीवर होती. लाइट म्हणजे लाइट, ती इथं काय नि तिथं काय, असा तिचा हिशोब.

टेबल आणि मोटर एस.टी.च्या टपावर चढली. मशिनीचं मुंडकं, चांगलं अर्ध्या पोत्याच्या वजनाचं, साळूबाईनं गोधडीत गुंडाळून दोन पायांमध्ये धरलं. पलूसला चढलेल्या एका म्हातारीनं विचारलं, लेकरू आजारी हाय का गं? साळूबाई म्हणाली, न्हाई, झोपलंय.

घरी आल्यावर लालासाहेबानं मोटर उलटीपालटी करून पाहिली आणि भिंतीला टेकून हसायलाच लागला. मोटरीला तीन वायरी आणि घरात आलेल्या दोन. घरातल्या लाइटीवर ह्या मोटरीनं नुसतं हुं केलं असतं. त्यानं साऱ्या आळीला सांगितलं की वैनीनं विहिरीवरच्या मोटरीला सांगलीहून सवत आणलीय. साळूबाईचं तोंड एवढंएवढं झालं. आकाराम मात्र तंबाखू मळत म्हणाला, लाइट घरात येत नसंल तर मशीन लाइटीकडं जाईल, त्यात काय.

दुसऱ्या दिवशी बैलगाडीतनं मशीन मळ्यात गेली. विहिरीवरची मोटरीची खोली म्हणजे दहा पावलांची. औषधाचे डबे, खुरपी, बारदान बाहेर काढलं, साळूबाईनं भुई सारवली, दारातून उजेड येईल असं टेबल लावलं. लालासाहेबानं पंपाच्या स्टार्टरवरनं मशिनीच्या स्टार्टरला तीन वायरी जोडल्या, जसा हात पडला तशा. बघायला निम्मं गाव. साळूबाईनं पदर खोचला आणि पाय दाबला.

घर्र करून मशीन सुटली आणि दोन बोटं जाऊन थांबली. कापड उलटं करून पाहिलं, तर खाली दोऱ्याचा सुगरणीचा खोपा. सोडवलं, परत ओवलं, परत तेच. सुई बदलली. दोरा बदलला. तेल दिलं. हरिबानं सांगितलेलं सगळं सगळं केलं. दुपार कलली तरी चार टाके सरळ पडले नाहीत. बघायला आलेली माणसं एकेक करून पांगली, आणि जाताना बायकांनी जो चक् चक् आवाज केला तो साळूबाईला मशिनीपेक्षा मोठा ऐकू आला.

लालासाहेबानं निकाल दिला. म्हाताऱ्यानं तुमाला भंगार गळ्यात बांधलं, वैनी. तो वाईट नव्हता, पण सायकलीवरनं दोन वर्षं ऐकून घेतलं होतं त्यानं, तेवढं वसूल केलं.

असे हात घालता घालता सहा दिवस गेले. सुट्टी संपायला चार राहिले, तेव्हा ज्योतिबा विहिरीवर आला. दारातच उभा राहिला. चेष्टा केली असती तर बरं झालं असतं, साळूबाईनं दोन शब्दांत परतवला असता. पण तो हळू बोलला. "काकी, कापलेलं कापड द्या आमचं. मिरजंत कोण शिवणारा भेटतोय का बगतो. तुमी कष्ट केलं, आमी न्हाई म्हणत न्हाई."

हे मात्र लागलं तिला. कापड एकदा परत गेलं की उद्यापासून ह्या गावात कुणी तिच्याकडं बटण लावायलासुद्धा येणार नाही, आणि ती पुन्हा नाथाजीची बायको तेवढी राहणार. ती म्हणाली, "उद्या सांजंपातूर थांब, ज्योतिबा. मग मीच आणून देते."

सकाळी ती एकटीच विहिरीवर गेली. मशिनीची मोटर सुरूच केली नाही. कापड घातलं आणि उजव्या हातानं मशिनीचं चाक फिरवायला लागली, आपल्याकडं, जशी सवय तशी. एक टाका. दुसरा. वीतभर शिवण पडली, आणि काय शिवण. उलटून पाहिलं, खालूनही तशीच. म्हणजे मशीन चांगली होती. हरिबा खरा होता. मग मोटर लावली की हिच्या अंगात येतं काय?

तिनं दोरा काढून टाकला. मोटर सुरू केली, पाय अगदी अंगठ्यानं टेकला आणि शिवणीकडं न बघता चाकाकडं बघत राहिली. चाक पलीकडं फिरत होतं. तिच्यापासून लांब.

बाजूला पंप धाडधाड चालला होता, पाटाला पाणी जात होतं. साळूबाई त्याच्याकडं बघत बसली थोडा वेळ. मग उठली आणि वाफ्यात दारं धरून उभ्या असलेल्या सासऱ्याकडं भराभरा चालत गेली, चिखलातनं, चप्पल तिथंच टाकून.

"मामंजी, गुदस्ता आपली मोटर जळाली, भरून आणली, तवा पाणी का येत नव्हतं वं?"

"उलटी फिरत हुती," आकाराम म्हणाला. "वायरमननं दोन वायरी अदलून बदलून लावल्या, मग आलं."

"मशीन बी उलटी फिरतीया."

आकारामनं फावडं खाली ठेवलं. ह्या वेळी आपल्याला कळत नाही असं तो म्हणाला नाही, कारण हे त्याला कळत होतं. ऊस लावणाऱ्या कुठल्या माणसाला कळत नाही? खोलीत येऊन त्यानं फ्यूज काढले, मशिनीच्या तीनातल्या दोन वायरींच्या जागा बदलल्या, फ्यूज बसवले. साळूबाईनं दोरा ओवला, चामड्याची पट्टी घातली आणि पाय दाबला.

मशिनीचा आवाजच बदलला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिवण गेली, आणि आकाराम तिच्या मागनं वाकून असा बघत राहिला, जसं पाटातलं पहिलं पाणी बघतात. सांगलीचा शेठ, कराडचा शिंपी, तीन पलटणींतली अकरा शिकलेली पोरं, कुणाला सुचलं नसतं ते ह्या चौथी शिकलेल्या बाईनं चाकाकडं बघून ओळखलं. लालासाहेबाला कळलं तेव्हा तो म्हणाला, मी तेच म्हणणार हुतो. घरात कुणी मान वर करून पाहिलं नाही.

मग काय विचारता. तीन दिवस विहिरीवरनं दोन आवाज येत होते, पंपाचा आणि मशिनीचा. भाकरी तिथं, चहा तिथं. पट्ट्या लावायला लालासाहेब स्वतः बसला, न सांगता. लाइट गेली की साळूबाई बांधावर जाऊन पाय ताणून बसायची आणि आली की पळत सुटायची. सुट्टी संपायच्या आदल्या दुपारी अकरा होल्डॉल विहिरीवरच्या जांभळीखाली ओळीनं मांडून ठेवले होते.

पोरं घ्यायला आली. ज्योतिबा मिशीवर हात फिरवत सगळ्यांपुढं. फौजीच तो, तपासल्याशिवाय कसा घेणार? पट्ट्या ओढल्या, शिवण नखानं उचकून पाहिली. मग सगळ्यांदेखत त्यानं आपला होल्डॉल जांभळीच्या फांदीला मुठीच्या पट्ट्यानं अडकवला आणि दोन्ही हातांनी धरून स्वतः लोंबकळला. पट्टा तसूभर हलला नाही. मग त्याला आणखी चेव आला आणि त्यानं झोका घेतला.

कडाड करून फांदी मोडली. ज्योतिबा होल्डॉलसकट पाटात, मिशांसकट चिखलात. पोरं हसून हसून आडवी झाली.

साळूबाई धावत गेली, खाली वाकली आणि आधी पट्ट्याची शिवण निरखून बघितली. मग ज्योतिबाला विचारलं, लागलं का रं.